५० किलोची पोती आणि धरलेल्या कमरा: पट्टे घ्यावेत की थप्पी बदलावी?

गाळा_मस्जिदबंदर

नमस्कार मंडळी. मस्जिद बंदरला किराणा मालाच्या गोदामात स्टॉक आणि उतराई मी बघतो. रोज एक गाडी येते, साधारण १० टनांची, म्हणजे ५० किलोची २०० पोती. साखर, तांदूळ, चणाडाळ. टोळी आठ जणांची. गाडी गल्लीच्या तोंडाशी लागते, तिथून गाळ्यापर्यंत ६० फूट माल पाठीवरून येतो. आत थेट फरशीवर थप्पी, दहा थर. दुपारनंतर त्याच थप्पीतून दुकानदारांच्या टेम्पोत भराई.

आठातल्या तिघांच्या कमरा धरल्यात. एकाला डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. दुसरा सकाळी वाकूच शकत नाही, दहा वाजेपर्यंत जरा मोकळा होतो. तिसरा मेडिकलमधून गोळी आणून काम ओढतोय, दोन-तीन महिने झाले. शेठ म्हणतात, सगळ्यांना कमरेचे पट्टे घेऊन देऊ आणि विषय मिटवू. पट्ट्याने खरंच काही होतं का? नसेल तर थोडक्या खर्चात काय बदलता येईल? ‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा’ हे पोस्टर लावून झालंय. तसं कोणी उचलत नाही.

सेफ्टीवाला_तुर्भे

पट्ट्यांवर पैसे घालू नका. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था १९९४ मध्येच सांगून गेली की धडधाकट माणसाला इजा होऊ नये म्हणून पट्टा वापरावा, याला पुरेसा आधार नाही. उलट पट्टा आवळला की माणसाला वाटतं आता दहा किलो जास्त झेपेल. पोतं तेवढंच राहतं, वाकणंही तेवढंच राहतं.

कंबर का जाते ते आकड्यात बघा. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंमी मागे असतात. ५० किलोचं पोतं पुढे वाकून मणक्यापासून ४० सेंमी लांब धरलं, तर ते तोलायला स्नायूंना आठपट, म्हणजे ४०० किलोचा ताण द्यावा लागतो. त्यात पोत्याचं वजन मिळवा, कमरेवरच्या धडाचं वजन मिळवा. हा सगळा दाब कमरेच्या मणक्यांमधल्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांवर येतो. नायॉशने मणक्यासाठी धरलेली मर्यादा ३४०० न्यूटन आहे, म्हणजे साधारण ३५० किलोचा दाब. फरशीवरून एकट्याने पोतं उचललं की ही मर्यादा पहिल्या पोत्यालाच ओलांडली जाते.

त्याच संस्थेचं उचलण्याचं एक सूत्र आहे. त्याची सुरुवातच २३ किलोपासून होते, आणि तेही सगळं आदर्श असेल तर. तुमच्याकडची परिस्थिती घातली (हात जमिनीपासून १५ सेंमीवर, पोतं घोट्यांपासून ४० सेंमी पुढे, ११५ सेंमीपर्यंत उचलायचं, पोत्याला मूठ नाही) तर उत्तर येतं ९ किलो. दिवसभर तेच करायचं तर आणखी कमी. आता तेच पोतं ७५ सेंमी उंचीवरून, अंगाला चिकटवून, ३० सेंमीवर धरून उचललं तर १६ किलो येतात. उंची आणि अंतर बदललं की माणसाची ताकद तीच राहून झेपणारं वजन पावणेदोन पट होतं. तरी १६ म्हणजे ५० नव्हेत. म्हणून पहिला नियम एवढाच: फरशीवरचं पोतं एकट्याने उचलायचं नाही. बाकी सगळं त्यानंतर.

आणि हो, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही वरची हद्द आहे. ती वरची हद्द आहे, रोजचं माप नव्हे. ‘आपलं पोतं ५० चं, म्हणजे आपण नियमात’ असं शेठ म्हणाले तर हे सांगा.

टोळी_मुकादम

पोस्टर काढून टाका, भाऊ. गुडघ्यात वाकून उचलायची रीत खोक्यासाठी ठीक आहे, कारण खोकं दोन गुडघ्यांच्या मधे येतं. ५० किलोचं पोतं आडवं पावणेतीन-तीन फूट लांब असतं. गुडघे वाकवले की ते गुडघ्यांच्या पुढे जातं, आणि कमरेला आणखी लांब पडतं. वर दोनशे वेळा उठाबशा काढल्या तर संध्याकाळी कमरेऐवजी गुडघे जातील.

पोतं पाठीवरून नेणं ही गोष्ट मुळात वाईट नाही. वजन मणक्याच्या जवळ असतं, माणूस थोडाच झुकलेला असतो. घोटाळा होतो तो दोन टोकांना: पोतं पाठीवर येताना आणि पाठीवरून उतरताना.

गाडीकडचं टोक तुमच्याकडे बहुतेक बरं असणार. गाडीचा फाळका (मागची फळी) पाडला की पाटा (माल ठेवायचा तळ) साधारण चार फुटांवर असतो. वर दोन लादणारे, दोघांनी पोत्याचे दोन-दोन कान धरून ते कडेला आणायचं, उचलायचं नाही, सरकवायचं. वाहणाऱ्याने गाडीकडे पाठ करून, पाय खांद्याएवढे फाकवून, एक पाऊल पुढे ठेवून उभं राहायचं. पोतं पाठीच्या वरच्या भागावर, खांद्याच्या फऱ्यांवर बसलं पाहिजे. कमरेवर बसलं तर माणूस मागे ओढला जातो आणि तोल सावरायला जास्त वाकतो. वरच्याने ‘घे’ म्हणायचं, खालच्याने ‘सोड’ म्हटल्यावरच हात काढायचा. बऱ्याच उसणी इथेच भरतात: वजन अचानक पडतं आणि अंग तयार नसतं.

गाळ्यातल्या टोकाला काय चालतं ते नीट बघा. वाहणारा थप्पीपाशी येतो आणि कमरेतून गर्रकन वळून पोतं फेकतो. पहिल्या दोन थरांना तर वाकलेला असतानाच पिरगळतो. वाकणं आणि पिरगळणं एकत्र आलं की गादीला सगळ्यात वाईट. उपाय सोपा आहे. थप्पीपाशी एक माणूस कायम उभा ठेवा, थप्पी लावणारा. वाहणाऱ्याने थप्पीकडे पाठ करून पावलांनी वळायचं आणि पोतं मागे सरकवत सोडायचं. सरळ-आडवं बसवायचं काम थप्पीवाल्याचं, तेही आकड्याने (लोखंडी हुकाने) ओढून. प्लास्टिकच्या गोणीला आकडा लावू नका, फाटते. तिथे रबरी ठिपक्यांचे हातमोजे द्या, घामाच्या हाताने ती गोणी निसटते आणि निसटतं पोतं झेलायला जो झटका बसतो त्यानेच कंबर जाते.

थप्पी पायऱ्यांची लावा. पुढची रांग तीन थर, तिच्या मागची पाच, त्यामागची सात. वरचं पोतं ठेवायला माणूस पोत्यांच्याच पायऱ्यांवर चढतो, हात डोक्यावर न्यावे लागत नाहीत. थरांची दिशा आडवी-उभी आलटून पालटून ठेवा, नाहीतर पायरीवर माणूस असताना थप्पी घसरेल. दहा थर जास्त आहेत, सातवर थांबा. जागा नाही म्हणाल, पण गल्लीतल्या बहुतेक गाळ्यांत निम्मी जागा मेलेल्या मालाने अडवलेली असते.

फिजिओ_परळ

तिघांचे प्रकार वेगळे दिसतात, म्हणून तिघांना एकच गोळी चालणार नाही. तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण कोणाला कधी पाठवायचं ते सांगते.

पोटरीपर्यंत कळ जाणाऱ्याला आधी. त्याला टाचांवर दहा पावलं चालायला सांगा, मग चवड्यांवर दहा. डावा पाय लटका पडला, टाचांवर चालताना चवडा उचलत नसेल किंवा चवड्यांवर चालताना टाच टेकत असेल, तर नस दाबली जाऊन पायाची ताकद गेली आहे. त्याच आठवड्यात हाडांच्या ओपीडीत पाठवा, जे.जे. तुम्हाला जवळ आहे. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर ओपीडीची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी कॅज्युअल्टीत न्यायचं. त्यात उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. यातलं काही नसेल आणि कळ नुसतीच असेल, तर बहुतेकांना शस्त्रक्रियेशिवाय काही आठवड्यांत उतार पडतो.

सकाळी न वाकणारा: रात्री आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकणं सगळ्यात जोखमीचं. सगळ्यांसाठीच नियम करा. कामावर आल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं पोतं नाही. झाडलोट, फाळका पाडणं, पावत्या, बारदान घड्या करणं, आणि तेही फार न वाकता. गाडीच्या केबिनमध्ये किंवा ट्रेनमध्ये तासभर बसून आलेल्यालाही हेच लागू. पण हा माणूस चाळिशीच्या आतला असेल, दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. त्याला फिजिओच्या आधी डॉक्टर दाखवा.

गोळीवाल्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मेडिकलवाला देतो ती बहुधा डायक्लोफेनॅकची असते. उपाशीपोटी, घामाने अंगातलं पाणी गेलेलं असताना, महिनोन्‌महिने ती घेतली तर जठरात व्रण होतो आणि मूत्रपिंडं बिघडतात. काळी शौचाला झाली, पायावर सूज आली की गोळी बंद आणि थेट दवाखाना. त्याचा रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आत्ताच तपासून घ्या, महाग नाही. वर गोळीने दुखणं दबतं म्हणून तो पूर्ण वजन उचलत राहतो, हे वेगळंच.

आणखी एक, मुंबईत हे विसरून चालत नाही: संध्याकाळचा कणकण ताप, वजन उतरणं, भूक मरणं, रात्री झोपेतही दुखणं, मणक्यावर एकाच जागी बोट ठेवलं की ओरडणं. यातलं काही असेल तर मणक्याचा टीबी नाही ना, हे आधी बघायचं. पाच-सहा जण एका खोलीत झोपणाऱ्यांत तर नक्की विचारा. ही कंबरदुखी चोळून, शेकून किंवा हाडं बसवून घेऊन जात नाही. मणका आतून पोखरलेला असताना कोणी कंबर मोडून दिली तर पाय लुळे पडू शकतात. टीबीची औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

साधी उसण भरली असेल तर दोन दिवसांपेक्षा जास्त झोपवून ठेवू नका. झोपून स्नायू आणखी दुबळे होतात. चालतं ठेवा, दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं. एमआरआयची घाई नको. काहीही न दुखणाऱ्या चाळिशीच्या माणसांचा एमआरआय काढला तरी जवळजवळ निम्म्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. रिपोर्ट हातात आला की माणूस ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणून घाबरून बसतो.

कामावर परत घेताना टप्पे ठेवा. पहिला आठवडा मोजणी, गोण्या शिवणं, झाडलोट. दुसरा आठवडा दोघांत पोतं सरकवणं. तिसऱ्यात दिवसाच्या मालाचा निम्मा वाटा पाठीवर. कोणत्याही टप्प्यावर कळ पायात खाली उतरायला लागली तर एक पायरी मागे. कळ पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर कमरेत थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण.

व्यायाम शिकून घ्यायला हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केईएम, नायर आणि सायनलाही फिजिओथेरपी विभाग आहेत. व्हिडिओ बघून सगळ्यांना एकच आसन देऊ नका. पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचा व्यायाम पायात कळ जाणाऱ्याला घातक ठरतो, आणि नेमका तोच लोक आधी करून बघतात.

गाळा_मस्जिदबंदर

खूप उपयोगी माहिती. पायात कळवाल्याला टाचांवर चालवलं, डावा चवडा नीट उचलतोय. गोळीवाल्याची रक्ततपासणी उद्या. ट्रॉली आणायचा विचार होता, पण गल्लीत पेव्हर उखडलेले, गाळ्याचा उंबरा सहा इंच, आत शहाबादी फरशी वरखाली. ट्रॉली चालेल का? शिवाय शेठ २५ किलोची गोणी मागवायला तयार आहेत. त्याने निम्मा त्रास कमी होईल ना?

टोळी_मुकादम

लहान कडक चाकांची ट्रॉली त्या गल्लीत अडकेल आणि झटक्याने मनगट-कंबर दोन्ही नेईल. घ्यायचीच तर हवेच्या टायरची, दहा इंची चाकं. पण ६० फुटांसाठी मी हातगाडीच सांगेन. गल्लीत ती आहेच, नवीन काही घ्यायला नको. तिचा पाटा अडीच-तीन फुटांवर असतो, म्हणजे वर तुर्भेकरांनी सांगितलेली ७५ सेंमीची उंची आयती मिळते. ट्रकच्या पाट्यावरून पोतं खाली सरकून हातगाडीवर येतं, उचलणं नाहीच. दहा पोती म्हणजे ५०० किलो, वीस खेपांत गाडी रिकामी. एक पुढे, दोघे मागे. माल आसाच्या किंचित पुढे ठेवा, दांड्या हातात हलक्या दबल्या पाहिजेत. मागे जास्त भरला तर दांड्या वर उसळतात आणि पुढचा माणूस त्यांना लटकतो. माल आसाच्या फार पुढे गेला तर तो दिवसभर वाकून ओढतो. टायरची हवा रोज बघा, नरम टायरने ओढायला बराच जास्त जोर लागतो.

दारापासून थप्पीपर्यंत जे दहा-पंधरा फूट उरतात, ते पाठीवरून जाऊ द्या. हातगाडीच्या पाट्यावरून पोतं पाठीवर घ्यायला थोडंसंच वाकावं लागतं. उंबऱ्याला मात्र काहीतरी करा, पाठीवर ५० किलो घेऊन सहा इंच पाऊल उचलायचं म्हणजे एका पायावर सगळं येतं. चेकर्ड प्लेटचा (खडबडीत नक्षीच्या लोखंडी पत्र्याचा) सहा फुटी काढता-घालता उतार करून घ्या, रात्री आत ओढून ठेवा. पावसात त्यावर गोणपाट टाका. आणि स्लीपर बंद. घोटा झाकणारा रबरी तळाचा बूट हवा. स्लीपर घसरली की पडू नये म्हणून माणूस कमरेतून झटका देतो.

वाटप असं करा: दोघे गाडीत, तिघे हातगाडीवर, दोघे दारापासून पाठीवर, एक थप्पीला. दर ५० पोत्यांनी जागा बदला. आता चार-पाच जणच अख्खी गाडी वाहत असतील, तर एकेकाच्या पाठीवरून दिवसाला दोन-अडीच टन जातात. फिरवलं तर तेच सगळ्यांत वाटलं जातं. वाराई (चढाई-उतराईची मजुरी) टोळीत सारखी वाटली जात असेल तर कोणाचं नुकसानही नाही. म्हातारा माणूस थप्पीवर आणि तरणा कायम पाठीवर, अशी वाटणी नको. आज दुखत नाही म्हणून सगळं तरण्यावर टाकतात, आणि चार वर्षांत तोही पट्टा लावून फिरतो.

मंडळ_आणि_लेव्ही

२५ किलोबद्दल सांभाळून. गोणीमागे दर असेल आणि तो अर्धा केला, तर टोळी दोन-दोन गोण्या एकदम पाठीवर घेईल. वजन तेच ५०, वर दुसरी गोणी हलते म्हणून तोल सांभाळायचा ताण जास्त. दर ठरवताना २५ च्या दोन गोण्यांचा दर ५० च्या एका पोत्यापेक्षा जास्त ठेवा, कारण वाकणं आणि फेऱ्या दुप्पट होतात. आणि ‘एका वेळी एकच’ हे मुकादमाकडून कबूल करून घ्या. तरच शेठच्या पैशाचा उपयोग. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये ५० किलोवरच्या गोण्यांना माथाडींनी वारंवार विरोध केला तो याच हिशोबाने. वजन जास्त आणि दर गोणीमागे, म्हणजे जादा किलो फुकट वाहायचे.

टोळीची नोंदणी आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. माथाडी कायदा १९६९ चा आहे आणि किराणा बाजारासाठी वेगळं मंडळ आहे. नोंदीत कामगाराची मजुरी आणि त्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची असते, त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस, औषधोपचार चालतात. कोपरखैरण्याला माथाडींचं हॉस्पिटलही आहे. टोळी बाहेरची असेल आणि रोख वाटप होत असेल तर कंबर गेलेल्या माणसाकडे त्या गाळ्यात काम केल्याचा कागदही राहत नाही. कामावर उसण भरली तर त्याच दिवशी तारीख, वेळ, कोणतं काम चालू होतं आणि कोण हजर होतं, एवढं वहीत लिहून मुकादमाची सही घ्या. दोन महिन्यांनी लिहिलेलं कोणी मानत नाही.

सेफ्टीवाला_तुर्भे

थप्पीखालच्या उंचीचं राहिलं. लाकडी पॅलेट एकावर एक दोन ठेवा, २८-३० सेंमी मिळतात. सगळ्यात खालचं पोतंही मग गुडघ्याच्या जवळ येतं. भराईच्या वेळी सगळ्यात खालचे दोन थर शक्यतो हलवूच नका, तो राखीव माल समजा आणि महिन्यातून एकदा चौघांनी मिळून फिरवा. टेम्पोची रोजची भराई वरच्या थरांतून. शेठ पॅलेटच्या पैशाला कां-कू करतील, तर कमरेचं नाव काढू नका. पावसाळ्यात शहाबादीला पाझर सुटून खालच्या थराची साखर किती ओलसर होते तेवढं दाखवा. पॅलेट दुसऱ्या दिवशी येतील.

जुनी इमारत असेल तर पॅलेटवरचा माल तळमजल्यावरच. लाकडी तुळयांच्या पोटमाळ्यावर टनाने वजन चढवू नका, आणि शिडीवरून पाठीवर पोतं तर कोणत्याच वजनाचं नको. वर काही न्यायचंच असेल तर साधी कप्पी आणि दोर, खाली उभं राहायला मनाई.

गाळा_मस्जिदबंदर

टोळीतल्या पाच जणांची नोंदणी आहे, तिघांची नाही. आणि कमरा धरलेल्या तिघांपैकी दोघे त्या तिघांतलेच आहेत. उद्या मंडळाच्या ऑफिसात फॉर्म विचारतो. पॅलेट चौदा सांगितले आहेत, हातगाडीचं टायर बदलायला दिलंय.